नथीवर जुळवलेली लेन्स

त्या वर्षी मी चहाचा कप दोन्ही हातांनी धरायला लागले होते. कोणी बघितलंच तर सांगायला कारण तयार होतं, हात गार पडलेत. नाशिकच्या एप्रिलमध्ये ही थाप कोणाला पटली नसती, पण घरात कोणी विचारलंच नाही. न विचारण्याचं कारण बाबा होते.

बाबांना कंपवात होता. आधी उजवा हात, मग डावा. मी नववीत असताना माझ्या प्रगतिपुस्तकावर सही करायला त्यांना इतका वेळ लागला की मी खिडकीबाहेर बघत उभी राहिले. मी कॉलेजात गेले त्या वर्षी त्यांनी नोकरी सोडली. शर्टाची बटणं आई लावून द्यायची. हातांबद्दल बोलायचं नाही असा नियम आमच्या घरात कोणी केला नव्हता, पण तो होता.

मामाचा नाशिक रोडला फोटो स्टुडिओ होता. माझं बी. कॉम. झाल्यावर "घरी बसून भिंती बघण्यापेक्षा ये इकडे," म्हणून त्याने मला बोलावलं. त्याला खरं तर माझं इंग्रजी हवं होतं. मामा मराठी शाळेतला, मी इंग्रजी माध्यमातली. नव्या डिजिटल कॅमेऱ्याबरोबर आलेलं जाडजूड पुस्तक त्याने प्लास्टिकसकट माझ्यासमोर ठेवलं.

"तुमच्या मिसने शिकवलंय ना एवढं? वाच आणि मला कामापुरतं सांग."

कामापुरतं म्हणजे कुठल्या बटणाने काय होतं. मी तेवढंच वाचलं. पुढची पानं चाळलीसुद्धा नाहीत.

लग्नात मामाच्या गळ्यात दोन कॅमेरे असायचे. एकावर झूम आणि फ्लॅश, तो विधींसाठी. दुसऱ्यावर एक ठेंगणी, जड लेन्स, ती फक्त नवरीच्या चेहऱ्यासाठी. त्या लेन्समध्ये चेहरा स्वच्छ यायचा आणि मागची गर्दी, खुर्च्या, मंडपाचं कापड सगळं दुधासारखं विरघळायचं. नवरीचं काम संपलं की तो दुसरा कॅमेरा मामा माझ्याकडे द्यायचा. "बायकांमध्ये जा. मी गेलो की त्या पदर सावरत बसतात. तू उभी आहेस हे कोणाला कळतसुद्धा नाही."

हे त्याने कौतुकाने म्हटलं होतं आणि मीही कौतुक म्हणूनच घेतलं. मला कोणाच्या जवळ जाऊन "इकडे बघा" म्हणायला जमायचं नाही. मी सात-आठ फुटांवरून, खांबाच्या आडोशाने फोटो काढायचे.

पहिल्या लग्नाचे फोटो संगणकावर टाकले. मामा एकेक पुढे नेत होता. माझे आले तेव्हा त्याचा वेग कमी झाला. चेहरे मऊ होते. डोळ्यांवर कोणी श्वास सोडल्यासारखे.

"हात हलतो गं तुझा," तो म्हणाला. नवशिक्याला कोणीही सांगेल तसं सहज. आणि मग माउसवरचा त्याचा हात थांबला. त्याला बाबा आठवले, हे मला त्याच्या पाठीकडे बघून कळलं. "म्हणजे, सवय नाही अजून. होईल."

पहिल्या वाक्याने मला काही झालं नव्हतं. या दुसऱ्या वाक्यानंतर मात्र मी दोन्ही हात पाठीमागे घेतले.

त्यानंतर दीड-दोन महिने मी स्वतःवर पाळत ठेवली. पातळ बांगड्या काढून ठेवल्या, त्या किणकिणल्या तर ऐकू येईल म्हणून. आंघोळीनंतर टॉवेल धरून हात समोर करायचे आणि बघायचे. इतकं टक लावून बघितलं की कोणाचाही हात थोडा हलतोच, हे मला तेव्हा कोण सांगणार? प्रत्येक लग्नानंतर फोटो तसेच. पण सगळे नाही. मध्येच एखादा असा लखलखीत यायचा की पापण्या मोजाव्यात. मामा उत्साहाने म्हणायचा, "बघ, त्या वेळी हात शांत होता." मी वहीच्या मागच्या पानावर लिहायला लागले: आदल्या दिवशी झोप किती, चहा किती वेळा, जेवण झालं होतं का. चांगल्या फोटोंचं कशाशीच जमेना.

मग द्वारका चौकाच्या पुढच्या एका लॉन्सवरचं लग्न आलं. नवऱ्या मुलाची आई बाजूच्या खुर्चीवर एकटीच बसली होती. फिकट रंगाची साडी, कपाळ मोकळं, नाक मोकळं. नवरा जाऊन बरीच वर्षं झाली असावीत. मी खांबापाशी उभी आहे हे त्या बाईंना मात्र दिसलं.

"बेटा, माझा एकटीचा काढशील एक? सगळ्या फोटोंत मी कोणाच्या तरी मागेच असते."

मी तीन काढले. श्वास रोखून, कोपर छातीशी घट्ट दाबून. तिन्ही वाया गेले. डोळे विरघळलेले.

दुसऱ्या दिवशी मामाने मला अल्बमची पानं लावायला बसवलं आणि कॅमेरा कपाटात ठेवला. त्या संध्याकाळी आई फोनवर म्हणाली, "सोमवारची वेळ मिळाली, हो. ह्यांच्याच डॉक्टरांकडे." फोनच्या पलीकडे मामा होता. मी दारात उभी होते. बाबा पलंगावर होते आणि त्यांनीही ऐकलं. त्या दिवसापासून ते माझ्यासमोर चहा प्यायचे बंद झाले. कप आला की "ठेव, गार होऊ दे," म्हणायचे आणि मी उठले की प्यायचे.

डॉक्टरांच्या आधी मला एकटीने बघायचं होतं. रविवारी सकाळी मी मामाच्या आधी स्टुडिओ उघडला. कपाटातला कॅमेरा काढून स्टँडवर घट्ट बसवला. काउंटरवर पाच पेन्सिल सेल तिरक्या रांगेत उभे केले, एक पुढे, एक त्याच्या जरा मागे, असे. फोकसचा चौकोन तिसऱ्या सेलवर आणला, फोकस झाल्याचा आवाज ऐकला, दहा सेकंदांचा टायमर लावला आणि जाऊन स्टुलावर बसले. दोन्ही हात मांड्यांखाली दाबून. हिशेब सरळ होता. कॅमेऱ्याला कोणाचाही हात लागत नाहीये. आता फोटो स्वच्छ आला, तर दोष माझ्या हातात आहे.

फोटो स्वच्छ आला नाही.

तिसऱ्या सेलवरची अक्षरं पुसट होती. पाचव्यावरची वाचता येत होती.

माझंच काही चुकलं असणार म्हणून परत काढला. मग परत. तिन्ही वेळा तिसरा पुसट, पाचवा स्पष्ट. कानात पंख्याचा आवाज एवढा मोठा झाला होता की मी उठून पंखा बंद केला.

मग संगणकावर त्या बाईंचा फोटो उघडला आणि मोठा केला. डोळे मऊ. आणि कान? कानाच्या पाळीवरचं रिकामं भोक दिसत होतं. कानामागे ओढलेले पांढरे केस एकेक वेगळे दिसत होते. हात हलला असता तर कानही हलला असता. एवढी साधी गोष्ट. मी मागची सगळी लग्नं उघडली. कान स्पष्ट, कान स्पष्ट, झुमका स्पष्ट. पुरावा प्रत्येक फोटोत होता आणि आम्ही दोघंही दोन महिने फक्त डोळे बघून माझ्या हातांना दोष देत होतो.

मी ते पुस्तक काढलं, ती न वाचलेली पानं. लेन्स नेमकी जुळत नसेल तर तिचा फोकस थोडा पुढे किंवा मागे सरकवायची सोय त्यात होती. मेनूत शोधत शोधत तिथे पोहोचले. शून्य असायला हवं होतं. तिथे चौदा होतं, मागच्या बाजूला चौदा.

हा आकडा आपोआप येत नाही. कोणीतरी घातलेला होता.

मामा थर्मास घेऊन आला तेव्हा मी स्टँडशेजारीच उभी होते. तो आधी सेलकडे आणि मग माझ्याकडे बघायला लागला.

"काय गं, सेलचा सत्कार चाललाय?"

"मामा, हे चौदा कोणी केलं?"

त्याने चष्मा कपाळावर ढकलून पडदा जवळ घेतला. "ते होय. मीच. दिवाळीनंतर. मनमाडच्या एका फोटोग्राफरने दाखवलं होतं कुठून करायचं ते. नवरीचे डोळे स्पष्ट येत नव्हते ना. लेन्स पुढेच पकडत होती. मग तुझ्या मामीला शालू नेसवून, नथ घालून या स्टुलावर बसवली. दोन तास. शेवटी म्हणाली, तुमच्या लेन्सपायी माझं नाक सुजलं." तो हसला. "चौदावर आणलं तेव्हा डोळे असे आले की काय सांगू."

डोक्यात इंग्रजी शब्द येत होते आणि एकही कामाचा नव्हता.

"लेन्स पुढे पकडत नव्हती," मी शेवटी म्हणाले. "नथ पकडत होती. मोती चमकतात, म्हणून. आणि नथ चेहऱ्याच्या पुढेच असते."

तो थर्मासचं झाकण उघडत होता. ते अर्धं उघडून तसंच राहिलं.

लेन्स बरोबर होती. मामाने ती नथीवर जुळवली होती. ज्यांच्या नाकात नथ, त्यांचे डोळे स्वच्छ. नथ नसेल तिचा फोकस मागे, आणि मी लाजून लांब उभी राहायचे म्हणून आणखीच मागे, थेट कानावर. आम्ही एकेक फोटो बघत गेलो. माझे ते लखलखीत फोटो: नवरीची बहीण, नवरीची वहिनी, एक काकू. सगळ्या नथवाल्या. माझ्या वहीतली झोप आणि चहा, सगळं वाया.

मामा खुर्चीत बसला. "मी तुझ्या आईला सांगितलं," तो म्हणाला. "मला वाटलं, दाजींचं..."

मला राग यायला हवा होता, निदान रडू तरी. मी नुसती उभी होते, कोणीतरी मागून हाक मारावी आणि वळून बघितलं तर कोणी नसावं, तशी. मग मी तो आकडा शून्यावर आणला. स्टँडवरून फोटो काढला. तिसरा सेल स्पष्ट.

"आता हातात धर," मामा म्हणाला, आणि दुकानाच्या शटरजवळ जाऊन रस्त्याकडे तोंड करून उभा राहिला. त्याला बघायचं नव्हतं, का मला एकटं सोडायचं होतं, माहीत नाही.

मी कॅमेरा स्टँडवरून काढला. काढला फोटो. तिसऱ्या सेलवरचं सगळ्यात बारीक अक्षरही वाचता आलं.

"आला?" त्याने न वळता विचारलं.

"आला."

"त्या बाईंचा पत्ता आहे रजिस्टरमध्ये," तो तसाच पाठमोरा म्हणाला. "या आठवड्यात जाऊन येऊ. तूच काढ."

कॅमेरा घेऊन मी घरी आले. बाबा गॅलरीत टेबलावर वर्तमानपत्र पसरून वाचत होते. हातात धरलं की ओळी सापडत नसत. मला कॅमेऱ्यासह बघून त्यांनी हात पेपरखाली घेतले.

"बाबा, इकडे बघा."

या वेळी मी लांब उभी राहिले नाही. त्यांनी बघितलं. त्यांच्या चेहऱ्यावर जे होतं ते मी त्याआधी ओळखायला हवं होतं. सोमवारची भीती माझी एकटीची नव्हती. आपण मुलीला काय देऊन ठेवलं, हे ते इतके दिवस त्या पलंगावर बसून मोजत होते, आणि मी माझ्याच बोटांकडे बघत बसले होते.

"हलला?" त्यांनी विचारलं. आमच्या घरात हा शब्द पहिल्यांदा उच्चारला गेला.

"बघा तुम्हीच."

त्यांनी पेपरखालून हात काढून कॅमेरा घेतला. पडद्यावर त्यांचा डोळा मोठा करून ठेवला होता, पापण्यांसकट, बुबुळात गॅलरीचे गज. पण कॅमेरा त्यांच्या हातात इतका थरथरत होता की त्यांना काही दिसेना. मी खालून माझे दोन्ही हात लावले. पडदा स्थिर झाला.

त्यांनी फोटो क्षणभरच बघितला. मग बराच वेळ ते कॅमेऱ्याखालचे माझे हात बघत राहिले.

"सेटिंग चुकलं होतं," मी म्हणाले. "मामाचं."

"हं," ते म्हणाले. आणि आतल्या खोलीकडे मान वळवून आईला हाक मारली. "अगं, चहा टाक. आमच्या दोघांचा इथेच आण."