डॅश आय नावाची फाइल

मंगरूळपीरच्या एका खाजगी माती परीक्षण प्रयोगशाळेत मी आठ वर्षं कॉम्प्युटर सांभाळत होते. मशीन जुनं, त्यावर लिनक्स. काळ्या खिडकीत कमांड टाइप करून नमुन्यांच्या फाइली लावायचं काम माझ्याशिवाय कोणाला येत नव्हतं. खरं म्हणजे मलाही ते समजलेलं नव्हतं. आधीच्या माणसानं जाताना वहीत बारा-पंधरा कमांडा लिहून दिल्या होत्या, त्या मी जशाच्या तशा मारायची. पण धनजहून मातीच्या पिशव्या घेऊन आलेला एखादा शेतकरी खुर्चीमागं उभा राहून बघत राहिला की मला बरं वाटायचं.

मग ती आली. मानोऱ्याजवळच्या तांड्यातली, माझ्याहून बारा वर्षांनी लहान. आईवडील दर साल ऊसतोडीला जाणारे, ही आश्रमशाळेत राहून शिकलेली. टाइप करायची दोन बोटांनी. पण पहिल्याच आठवड्यात माझं अर्ध्या तासाचं काम तिनं एका ओळीत बसवलं. प्रयोगशाळा चालवणारे सर म्हणाले, "हे तं आपल्याले माहीतच नव्हतं." त्यांचं 'आपल्याले' मला लागलं.

कोणतीही कमांड अडली की ती मशीनलाच विचारायची. मग पानभर इंग्रजी यायचं. त्यात डॅश लावून कोणतं अक्षर दिलं की काय होतं, हे ती पडद्यावर बोट ठेवून वाचायची. मी तिच्या मागून पाण्याची बाटली भरायला जायची आणि जाता जाता ती अक्षरं पाठ करायची. बसमध्ये पुटपुटायची. घरी पोचेपर्यंत निम्मी विसरलेली असायची.

एक दिवस नमुन्यांच्या फोल्डरमध्ये मला एक रिकामी फाइल दिसली. नाव काय, तर फक्त -i. मी ती पुसायला गेले. rm, म्हणजे पुसायचा हुकूम, लिहिला, पुढं नाव लिहिलं. मशीन म्हणालं, काय पुसायचं ते सांगितलंच नाही. अवतरणात घालून पाहिलं, तरी तेच. दुपारपर्यंत मी सगळं करून पाहिलं, पण तिला विचारलं नाही. शेवटी सरांकडे जाऊन म्हणाले, "नवी पोरगी फोल्डरात कचरा करून ठेवून राह्यली."

सरांनी तिला माझ्या मशीनपाशी बोलावलं. ती म्हणाली, "मीच ठेवली सर. कोणी चुकून 'सगळं पुस' म्हटलं, तं त्या सगळ्यात हे नाव बी येते. मशीनले वाटते हा डॅशवाला हुकूम हाय. मग ते एकेक फाइल विचारून पुसते."

"आमी काय लहान लेकरं हाओत?" मी म्हणाले. "आठ वर्षांत माझ्या हातून एक फाइल गेली नाई."

खाली वाकून तिनं rm ./-i असं लिहिलं आणि फाइल गेली. "समोर ./ लावलं का त्याले समजते, ताई, हे नाव हाय, हुकूम नाई," ती म्हणाली. एवढंच होतं ते. सकाळपासून मी ज्यावर डोकं आपटत होते, ते दोन चिन्हांत झालं होतं. त्या रात्री मला जेवण गेलं नाही.

दहाएक दिवसांनी तात्पुरत्या फाइली पुसताना मी rm *.tmp लिहायला गेले आणि चांदणीनंतर एक रिकामी जागा पडली. नुसती चांदणी म्हणजे 'सगळं'. मशीननं काही विचारलं नाही. शेवटी एवढंच सांगितलं, की .tmp नावाची फाइल सापडत नाही. बाकीचं सगळं गेलं होतं. आठवडाभराचे नमुने.

तिनं येऊन पडदा पाहिला. तिला कळलं, हे मला कळलं.

"रजिस्टर हाय ना?" ती म्हणाली. "मी वाचतो, तुमी टाइप करा. तुमचा हात लवकर चालते."

तीन दिवस ती आकडे वाचत होती आणि मी टाइप करत होते. तिनं एकदा तरी टोमणा मारावा, असं मला मनापासून वाटत होतं. मग मला तिचा राग धरता आला असता. चौथ्या दिवशी मी सरांना सांगितलं, की फाइली माझ्यामुळे गेल्या आणि ती सोय मीच काढायला लावली होती. सर म्हणाले, "बरं केलं सांगितलं. तिच्याकडून शिकून घ्या." म्हणजे पुन्हा तीच.

शिकते आहे. ती इंग्रजी पान उघडते, मी शेजारी स्टूल ओढते. ती घाई करत नाही, एकच गोष्ट तिसऱ्यांदा विचारली तरी सांगते. मला आता बरंच येतं. पण तिनं एखादी नवी ओळ लिहिली की अजूनही माझी नजर आधी त्या ओळीत चूक शोधते. परवा एक सापडली, एक अक्षर कमी होतं. मी सांगितलं नाही. एंटर मारायच्या आधी तिनंच ते दुरुस्त केलं.