खोटं कार्ड मी बनवलं होतं

रश्मीच्या खिशाला पिनेनं एक लाल चिठ्ठी टोचली होती. चिठ्ठीवर पेनानं लिहिलं होतं, ‘टीकाकरण अपूर्ण’, म्हणजे लसीकरण अपुरं. शाळेच्या ऑफिसच्या दाराबाहेर ती भिंतीला पाठ लावून उभी होती. शेजारी आणखी दोन पोरं, तशीच चिठ्ठी लावलेली. एक भाजीवाल्याचा मुलगा, एक धोब्याची मुलगी. येणारे-जाणारे पालक चिठ्ठी वाचायचे आणि आपल्या पोराचा हात धरून त्याला पलीकडून न्यायचे.

साडेपाच वर्षांची माझी मुलगी. पहिलीतला तिचा तिसरा दिवस.

मी दुकान तसंच टाकून आलो होतो. सीपरी बाजारात माझं कूलरचं दुकान आहे. एप्रिल म्हणजे झाशीत आमचा हंगाम. पण शाळेतून फोन आला, ‘बच्ची का कार्ड लेकर तुरंत आइए.’ मी कार्ड घेऊन आलो. कार्ड माझ्याकडे होतं. हे आधीच सांगून ठेवतो. पुढे मी जे केलं, ते कार्ड नव्हतं म्हणून केलं नाही.

आमच्यात पहिलं बाळंतपण माहेरी होतं. माझी बायको निर्मला अकोल्याकडची. आमची घरं पिढ्यान्‌पिढ्या झाशीत, पण सुना अजून तिकडूनच येतात. रश्मीच्या जन्माच्या वेळी मी एका गोदामात झोपत होतो आणि हातगाडीवर जुने कूलर विकत होतो. भाड्याची खोली मिळेपर्यंत दीड वर्ष त्या दोघी तिकडेच राहिल्या. गावच्या आरोग्य उपकेंद्रातल्या नर्सबाईंनी निर्मलाला परकरात असल्यापासून पाहिलेलं. त्यांनी लसीचं कार्ड तिच्या माहेरच्या नावानं केलं. बापाच्या जागी सवयीनं तिच्याच वडिलांचं नाव लिहिलं. मुलीचं नाव तेव्हा ठेवलं नव्हतं, म्हणून ‘निर्मलाचं बाळ’. पण लशी सगळ्या वेळेवर. प्रत्येक रकान्यात तारीख, प्रत्येक तारखेपुढे सही. पाच वर्षांचा रकाना तेवढा रिकामा. तो डोस झाशीत द्यायचा होता आणि आम्ही आज-उद्या करत राहिलो होतो.

क्लार्कनं कार्ड उलटसुलट केलं.

“माँ का सरनेम दूसरा. बाप की जगह किसी और का नाम. बच्ची का नाम ही नहीं.” मग खोलीभर ऐकू जाईल असं म्हणाला, “भैया, ये बच्ची है किसकी?”

बाकावर बसलेले दोघेतिघे हसले.

खोलीत शाळेच्या ट्रस्टमधल्या बाईसाहेब बसल्या होत्या. झाशीतलं जुनं मराठी घराणं. त्यांचे पूर्वज घोड्यावर बसून इथे आले, आमचे त्या घोड्यांना खरारा करत आले. माझा बाप दर दिवाळीला त्यांच्या घराला चुना लावायचा. त्याच्या चहाचा कप न्हाणीघराच्या खिडकीत वेगळा ठेवलेला असायचा. बाईसाहेबांनी मला ओळखलं. चेहऱ्यावरून नाही, आडनावावरून.

त्यांनी कार्ड हातात घेतलं नाही. लांबूनच पाहिलं. आणि मराठीत, अगदी हळू, घरातलं बोलावं तशा म्हणाल्या, “तुमच्या लोकांत कोण कुणाचं, ते कागदावर तरी नीट लिहावं ना.”

खोलीत ते वाक्य कळणारी माणसं दोनच. मी, आणि दारातून आत बघणारी रश्मी. तिला मराठी बोलता येत नाही. कळतं सगळं.

आणि मी हसलो.

हेच मला सांगायचं आहे. बाजारात एका मोटरवरून मी चार दुकानदारांशी गल्लीत उभा राहून भांडलोय. ठेकेदाराची कॉलर धरलीय. माझ्या तोंडाला लागू नये असं लोक एकमेकांना सांगतात. तो मी. हात जोडून हसलो. म्हणालो, “जी. जी, बाईसाहेब. चुकलं.”

एवढ्यात बबीनाच्या लष्करी छावणीतला एक अधिकारी आत आला. आपल्याच महाराष्ट्रातला, बदली होऊन आलेला. चांगला माणूस वाटला, मला म्हणाला, आधी तुमचं होऊ द्या. त्याच्याकडे मुलाचं कार्डच नव्हतं. सामानाच्या पेटीत कुठेतरी राहिलंय, म्हणाला. बाईसाहेब खुर्चीतून अर्ध्या उठल्या. “अहो, काही घाई नाही. सापडलं की सावकाश पाठवा.” तीच मराठी. किती गोड होती.

त्याच्या मुलाच्या खिशाला काही टोचलं नव्हतं.

मला सांगितलं, “परसों तक सही कार्ड, नहीं तो बच्ची को मत भेजिए.” मी पुन्हा म्हणालो, जी.

स्कूटरवर पुढे उभी राहून रश्मीनं विचारलं, “पापा, आप हँसे क्यों?”

मी हॉर्न वाजवला. समोर कुणी नव्हतं.

घरी गेलो नाही. थेट एका दवाखान्यामागे गेलो. तिथल्या कंपाउंडरच्या कूलरची मोटर जळली होती आणि तो महिनाभर माझ्या मागे लागला होता. मी म्हणालो, मोटर मी बसवून देतो, तू मला एक कार्ड दे. सौदा दोन मिनिटांत झाला. सौदे मला जमतात.

तो एकाच पेनानं तारखा भरायला लागला. मीच त्याला थांबवलं. “अरे पेन तो बदल. हर बार वही नर्स, वही स्याही?” त्यानं माझ्याकडे कौतुकानं पाहिलं. “तुम तो उस्ताद निकले, भैया.” मग म्हणाला, “पाँच साल वाला भी भर दूँ?”

“भर दे. कोई खाना खाली नहीं चाहिए.”

कार्ड कोरं करकरीत दिसत होतं. मी ते चुरगाळलं, पुन्हा सरळ केलं, कडेला चहा लावला, दुकानातल्या गरम हवेवर वाळवलं. पाच वर्षांचं जुनं दिसायला लागलं. खरं सांगतो, त्या वेळी मला त्या कामाचा अभिमान वाटला.

क्लार्कनं दुसऱ्या दिवशी ते पाहिलं आणि मान डोलावली. “देखिए, ऐसा होता है कार्ड.” चिठ्ठी निघाली. खिशावर पिनेची दोन भोकं राहिली.

निर्मलाला मी सगळं हसत हसत सांगितलं. ती पोळी लाटत होती. लाटणं थांबलं.

“मग माझं कार्ड?”

“ठेव कुठेतरी.”

“प्रत्येक सुईच्या वेळी मी तिला मांडीवर धरलंय. उन्हापावसात, दीड कोस चालत जाऊन. ते खोटं, आणि तुमचं खरं?”

मी ओरडलो. मुलीची शाळा वाचवली, ते नाही दिसत तुला? तिनं पोळी तव्यावर टाकली. त्या दिवसापासून ती मला कशाबद्दल विचारेनाशी झाली.

ऑगस्टमध्ये आमच्या मागच्या गल्लीतल्या एका मुलीला मेडिकल कॉलेजात नेलं. सात वर्षांची. घसा सुजला होता, आत राखाडी पापुद्रा धरला होता, श्वास घेताना आवाज येत होता. घटसर्प. इकडे गलघोटू म्हणतात. दुसऱ्याच दिवशी आरोग्य खात्याची माणसं शाळेत आली. ज्यांचा पाच वर्षांचा डोस राहिला होता, त्या पोरांना रांगेत घेऊन सुया दिल्या.

रश्मी उड्या मारत घरी आली. “मुझे नहीं लगी! मेरी तो लग चुकी है, मैम ने रजिस्टर में देखा.”

निर्मलानं माझ्याकडे पाहिलं.

तो डोस रश्मीला कधीच मिळाला नव्हता. खऱ्या कार्डानं तिला शाळेच्या दारात अडवलं होतं, पण त्यावरच्या रिकाम्या रकान्यानंच तिला आज त्या रांगेत उभं केलं असतं. रिकामा रकाना मी भरून घेतला होता. मीच. बाईसाहेबांनी नाही, क्लार्कनं नाही.

नर्सदीदी दर बुधवारी आमच्या वस्तीतल्या अंगणवाडीत बसते. मी रश्मीला उचलून तिथे नेलं. दहाबारा बायका बसल्या होत्या. दीदीनं शाळेची यादी पाहिली. “भैया, इसकी तो लगी हुई है. लगी हुई दोबारा कैसे लगाऊँ?”

“नहीं लगी.”

“कार्ड में है.”

“कार्ड झूठा है. मैंने बनवाया.”

सगळ्या बायका वळून माझ्याकडे बघायला लागल्या. यातल्या अर्ध्या माझ्या गिऱ्हाईक. यांच्याशी मी रोज हुज्जत घालतो, माझा माल अस्सल असल्याच्या शपथा घेतो. एकीनं पदर तोंडाला लावला. कोपऱ्यातली म्हातारी म्हणाली, “हाय राम, अपनी ही मोड़ी के संगे?” आपल्याच पोरीशी. मला जमिनीकडे बघायचं होतं, पण रश्मी माझ्या कडेवर होती आणि माझ्याच तोंडाकडे बघत होती.

मागून निर्मला आली. तिनं ओढणीतून जुनं कार्ड काढलं. दीदीनं ते वाचलं, एकेक तारखेवर बोट ठेवून. म्हणाली, “ये तो बढ़िया कार्ड है. माँ का नाम शादी से पहले का है, बस. आधार दिखा दीजिए, मैं नए कार्ड पर सब चढ़ा देती हूँ. पहले ही ले आते.”

दहा मिनिटं. एवढंच काम होतं ते. सौदा नाही, ओळख नाही. मला विचारावंसंही वाटलं नव्हतं, कारण सरकारी बाई आमच्यासारख्याला सरळ उत्तर देईल असं मला वाटतच नव्हतं. बाईसाहेब आम्हाला जे समजत होत्या, ते मीही आम्हाला समजत होतो.

रश्मीला सुई दिली. ती रडली. दीदी म्हणाली, “स्कूल का रजिस्टर भी सुधरवाइए. वरना दस साल वाली के समय फिर यही होगा.”

दुसऱ्या दिवशी आम्ही दोघं शाळेत गेलो. पालकांची सभा होती, ऑफिस भरलेलं. मी नवं कार्ड टेबलावर ठेवलं आणि म्हणालो, अप्रैल में जो दिया था, वो झूठा था. वापस नहीं माँग रहा. उस पर लिखिए कि झूठा है.

क्लार्क उठून उभा राहिला. “फर्जी कागज़ पर नाम कट सकता है, पता है?”

बाईसाहेब बाजूच्या खोलीतून आल्या. पुन्हा मराठी, पुन्हा हळू आवाज. “खोटं कार्ड करायचं आणि वर इथे येऊन आवाज चढवायचा? शोभतं का?”

“मराठीत नको, बाईसाहेब,” मी म्हणालो. “हिंदीत बोला. एप्रिलमध्येही तुम्ही मला मराठीत बोललात. या लोकांनाही कळू दे.”

आणि मी त्यांचं एप्रिलमधलं वाक्य सगळ्यांसमोर हिंदीत सांगितलं. शब्द न बदलता. चिठ्ठी लागलेल्या पोराचा बाप, तो भाजीवाला, सभेला आला होता. तो बाकावरून उठला.

“असं मी म्हटलंच नाही,” बाईसाहेब म्हणाल्या. हिंदीत.

“म्हटलंत. आणि मी हसलो. ते माझं. मग खोटं कार्ड केलं, तेही माझं. दोन्ही लिहून देतो.”

मी तिथेच उभ्यानं कागदावर लिहिलं. कार्ड कुणी भरलं ते क्लार्कनं विचारलं. मी म्हणालो, भरवून घेतलं मी, नाव माझंच लिहा. मग मी क्लार्कचं रजिस्टर बघितलं. दुकानात बसून मला समोरच्याची वही उलटी वाचायची सवय लागली आहे. बबीनाच्या अधिकाऱ्याच्या मुलाच्या नावापुढे अजून ‘प्रतीक्षा’ लिहिलेलं होतं, म्हणजे कार्ड आलं नव्हतं आणि म्हणून सुईही नाही.

“याला चिठ्ठी लावू नका,” मी म्हणालो. “याच्या बापाशी माझं भांडण नाही. याला सुई द्या. आणि चिठ्ठी यापुढे कुणालाच लावू नका.”

“आप हमें सिखाएँगे?” क्लार्क म्हणाला.

“तुम्ही मला लेखी द्या. नाव काढणार असाल तर का काढता, ते लिहून. आणि ज्यांची कार्डं पूर्ण नव्हती त्यांतल्या तिघांनाच चिठ्ठी का, तेही.”

कुणी काही लिहून दिलं नाही. माझा कागद घेतला, पोच देत नव्हते. मी तासभर हललो नाही. निर्मला माझ्या शेजारी उभी राहिली. शेवटी शिक्का मारून पोच दिली.

प्रकरण कमिटीपुढे आहे म्हणतात. रश्मी रोज शाळेत जाते. उद्या जाईल की नाही, ते मला माहीत नाही. बाजारात मला आता ‘कार्डवाले भैया’ म्हणतात, आणि मी भाव सांगितला की गिऱ्हाईक हसतं. हसू दे.

नाव काढायचं असेल तर ते त्यांना लिहून काढावं लागेल. तो कागद घेऊन मी कलेक्टरच्या दारात उभा राहीन. आधी माझं खोटं सांगेन. मग त्यांचं.