पुढचा अर्धा सासूबाईंकडे

आमच्या घरात कादंबरी सुरीने कापतात. लग्न होऊन मी बंगळुरूला आले, तेव्हा हा प्रकार पहिल्यांदा पाहिला. सासूबाईंनी एक कोरी, जाडजूड कादंबरी ओट्यावर मधोमध उघडली, पाव कापायची सुरी शिवणीवर फिरवली आणि पुस्तकाचे सरळ दोन तुकडे केले. "पहिला अर्धा माझा झाला की तू घे, तू तो वाचशील तोवर मी पुढचा वाचते. एका पुस्तकासाठी दोघींनी का ताटकळायचं?"

सासरे इथल्या सरकारी कारखान्यात इंजिनियर होते, त्यामुळे त्यांचा सगळा संसार इथेच झाला. नवं मराठी पुस्तक यायचं ते पुण्याचं कुणी यशवंतपूरला गाडीतून उतरलं तरच, भाजणीच्या पिशवीखाली दबून. दोघींचं वाचून झालं की सासरे खळ आणि कापडी पट्टी घेऊन बसत आणि पुस्तक पुन्हा जोडून ठेवत. ते गेल्यापासून पट्ट्या मी लावते. माझ्या पट्ट्या वाकड्या जातात.

अर्ध्या कादंबरीचा एक फायदा असा की ती पर्समध्ये मावते. व्हाइटफील्डच्या ऑफिसला जाता-येता कॅबमध्ये मी जेवढं वाचलं तेवढं कॉलेजातही वाचलं नव्हतं. तोटा एकच. सासूबाई कायम माझ्या पुढे. पुढचं काही सांगायचं नाही असा नियम होता आणि तो त्या पाळतही. पण कुठवर आलीस असं विचारून त्या ज्या चेहऱ्याने कॉफी गाळत, त्यावरून मला निम्मं कळायचं.

रहस्यकथेत तर त्यांना खुनी सुरुवातीलाच सापडे. "इतका गोड बोलणारा डॉक्टर सरळ कसा असेल गं?" आणि तोच निघायचा. मी मात्र कादंबरीतल्या प्रत्येकावर विश्वास ठेवते आणि दर वेळी तोंडघशी पडते. मला रहस्यकथा आवडतात त्या त्यासाठीच. ऐतिहासिक कादंबरीत गडाला वेढा पडला की माझ्या अंगावर काटा येतो, आणि यांचा जीव कोठारात अडकलेला. "एवढी माणसं वर कोंडलेली, मीठ कुठनं आणलं ते लेखक सांगतच नाही. स्वल्प तरी सांगायला नको?" भुताच्या कादंबरीने मी आठवडाभर लिफ्टमध्ये एकटी चढले नाही. सासूबाईंना त्या भुताचीच दया आली. बिचारीला सगळे हाकलतात, काय हवंय ते कुणी विचारत नाही, म्हणाल्या.

प्रेमकथेवरून आमचं वाजलंही होतं. नायिका आयुष्यभर त्याची वाट पाहते, आणि मी कॅबमध्ये इतकी रडले की ड्रायव्हरने गाणी बंद केली. घरी आले तर या म्हणाल्या, "वाट बघण्याच्या लायकीचा तरी होता का तो?" मी दोन दिवस अबोला धरला. तिसऱ्या दिवशी पटलं, पण ते मी त्यांना सांगितलं नाही.

विज्ञानकथा त्यांना झेपणार नाही असं मी धरून चालले होते. त्या कादंबरीत एक म्हातारी अंतराळयानात एकटी असते, टोमॅटोची रोपं जपत. मला ती कंटाळवाणी वाटली. सासूबाईंनी ती दोनदा वाचली. "तुम्ही सगळे ऑफिसला गेलात की हे घर असंच असतं," एवढंच म्हणाल्या. मग मीही ती पुन्हा वाचली, आणि आज कुणी माझी आवडती कादंबरी विचारली तर मी तिचंच नाव घेते.

गेल्या वर्षी त्यांच्या डोळ्यांनी दगा दिला. कडेचं दिसतं, मधलंच दिसत नाही. आता याला उपाय नाही, असं डॉक्टरांनी सांगितलं. सासूबाई कानडीत "सरी", म्हणजे बरं, म्हणाल्या आणि चष्मा डबीत ठेवून दिला. मी मात्र हादरले. या शहरात मला मैत्रिणी आहेत, पण वाचलेल्या पानावरून माझ्याशी भांडणारं माणूस एकच होतं.

मोबाइलवर ऐकायच्या कादंबऱ्या लावून दिल्या. "ही बाई बातम्या देतेय," म्हणून त्यांनी त्या बंद केल्या. मग मी वाचून दाखवायला लागले. कुठे अडखळायला नको म्हणून आधी स्वतः वाचून ठेवायची. चार दिवसांत त्यांनी हात वर करून मला थांबवलं. "तो माणूस अजून जेवतोय, आणि तुझा आवाज आत्ताच रडवेला झालाय. मेल्याचं कळायच्या आधीच मला सुतक लागतं. नको. तू वाच तुझं." यावर मी हसले, पण नंतर न्हाणीघरात जाऊन रडले. त्यानंतर नवी आलेली पुस्तकं मी अख्खीच वाचत होते आणि मला त्यात राम वाटत नव्हता.

या महिन्यात माझी बहीण पुण्याहून आली, तिने एक कादंबरी आणली. सासूबाईंनी ती हातात घेतली, जाडी चाचपली आणि म्हणाल्या, "सुरी आण." मला वाटलं, सवयीने म्हणाल्या. पण त्यांनी बोटांनी मध्य शोधला, मला कापायला लावलं, पहिला अर्धा माझ्या हातात दिला आणि पुढचा मांडीखाली घेऊन बसल्या. "आता वाच. मोठ्याने. माझ्या पुढे जायचं नाही."

रोज संध्याकाळी बाल्कनीत आम्ही वाचत होतो. काल पहिला अर्धा संपला. धाकटा भाऊ भांडून घरातून निघून गेला आणि पान तिथेच तुटलं. माझा आवाज अगदी सरळ होता, कारण पुढचं मलाही ठाऊक नव्हतं.

"परत येईल का गं तो?" सासूबाईंनी विचारलं.

मी सवयीने त्यांच्या चेहऱ्याकडे पाहिलं. इतकी वर्षं पुढचं सगळं तिथेच वाचलं होतं. काल तिथे काही नव्हतं, त्या माझ्याइतक्याच घाबरल्या होत्या.

"माहीत नाही, आई," मी म्हटलं.

त्यांनी मांडीखालून पुढचा अर्धा काढला आणि माझ्यापुढे धरला.