काट मारलेली ओळ

मांगोची या तळ्याकाठच्या गावाजवळ आमच्या शाळेत एनेलेसी म्क्वेझालाम्बा मॅडम सत्तावीस वर्षं जीवशास्त्र शिकवत होत्या, आणि या सत्तावीस वर्षांत त्यांनी कुणावर विश्वास ठेवल्याचं कुणाला आठवत नाही. खडू मोजून देत. मांदासीचा गरम तळलेला गोळासुद्धा मोडून आत बघितल्याशिवाय तोंडात टाकत नसत.

शाळेत पूर्वी पुस्तक एकच, तेही वाळवीने खाल्लेलं. त्यामुळे मॅडम सांगत आणि मुलं उतरवून घेत. पेपरात त्यांचं वाक्य जसंच्या तसं आलं की पूर्ण मार्क. एक शब्द इकडचा तिकडे झाला की अर्धा मार्क गुल. त्यांची नोट्सची वही पत्र्याच्या पेटीत असे आणि पेटीची किल्ली गळ्यात.

मग गेल्या वर्षी एका संस्थेने फुकट दिलेला पांढरा डबा आला. इंटरनेट नसतानाही त्यातली हजारो पुस्तकं मुलांच्या टॅबवर उघडत. सगळे हरखले. मॅडम मात्र डब्याच्या खोलीचा उंबरा ओलांडायला तयार नव्हत्या. "फुकट देणाऱ्याला काय हवंय ते आधी विचारा," एवढंच म्हणाल्या.

जूनमध्ये चौथ्या फॉर्मचे, म्हणजे शेवटच्या वर्गाचे, प्रकल्प तपासताना त्यांचा लाल पेन थबकला. लुसुंगू न्यिरेंडा, जानेवारीत उत्तरेकडून आलेली मुलगी. विषय बिल्हार्झिया, तळ्यातल्या गोगलगायींमुळे होणारा रोग. हा धडा दुसऱ्या फॉर्मला असतो, तेव्हा ती इथे नव्हतीच. तरी वाक्यं मॅडमचीच, अगदी स्वल्पविरामासकट.

"माझी पेटी फोडली हिने!" त्या तडक हेडमास्तर न्गोमांकडे गेल्या. चोरी ठरली तर मुलगी शाळेबाहेर, आणि बोर्डाची परीक्षा महिन्यावर आलेली. शुक्रवारी सभा बोलावली गेली.

गुरुवारी त्यांनी लुसुंगूला वर्गात गाठलं. "खरं बोल गं. किल्ली कुठून मिळवलीस?"

"कसली किल्ली, मॅडम? मी डब्यातून उतरवलं."

"डब्यातून! आणि एक शब्दही बदलला नाहीस?"

मुलीचे डोळे भरले, पण आवाज पडला नाही. "शब्द बदलला की तुम्ही मार्क कापता, मॅडम. पहिल्याच आठवड्यात कापलेत माझे."

उत्तर उद्धट होतं आणि खोटं नव्हतं. मॅडम चिडून घरी गेल्या, सभेत दाखवायला वही काढली आणि पुरावा शोधू लागल्या. पुरावा सापडला, पण भलत्याच बाजूचा.

लुसुंगूने लिहिलं होतं: "रोगाची अळी गोगलगायीत एका नव्या चंद्रापासून दुसऱ्या नव्या चंद्रापर्यंत राहते, म्हणून नव्या चंद्राआधीचे तीन दिवस पाणी निर्धोक असते." मॅडमच्या वहीत या ओळीवर जाड लाल काट होती. पुस्तकाचं ते पान वाळवीने खाल्लेलं, म्हणून तरुणपणी मॅडमनी तळ्याकाठच्या मावशीला विचारून ती जागा भरली होती. पुढे एका प्रशिक्षणात कळलं की असं निर्धोक पाणी कुठल्याच दिवशी नसतं. लाज वाटून त्यांनी काट मारली आणि वाच्यता केली नाही. वही चोरणाऱ्या मुलीने काट मारलेली ओळ कशाला उतरवली असती?

शुक्रवारी सकाळी मॅडमनी पहिल्यांदा तो उंबरा ओलांडला. "दाखव कुठे आहे ते," त्या लुसुंगूला म्हणाल्या. टॅबवर त्यांचा आख्खा धडा होता. खाली टाइप करणाऱ्याचं नाव होतं, फ्रँक मालुंगा, त्यांचाच जुना विद्यार्थी, काट मारण्याआधीच्या वर्षांतला, आणि पुढे: "माझ्या शाळेच्या वहीतून. आमच्या मॅडम कधी चुकत नसत."

मॅडम बाकावर बसल्या. "असे डबे किती आहेत गं?"

"साठ शाळांत, म्हणतात. तळ्याकाठच्याच जास्त."

म्हणजे साठ शाळांची पोरं दर महिन्याला तीन दिवस बिनधास्त पाण्यात उतरत असतील. आयुष्यभर त्या सगळ्यांच्या हातांवर नजर ठेवून होत्या, आपला हात तेवढा कधी तपासला नव्हता.

सभेत न्गोमा सर म्हणाले, "बोला मॅडम, चोरी कशी झाली?"

"चोरी नाही झाली, सर. नक्कल झाली, आणि नक्कल करायला मीच शिकवलं. शिवाय ती ओळ चूक आहे. ती चूकही माझी. माझ्या नावानिशी लिहून घ्या."

सरांनी चष्मा काढून पुसला. "मग आता या मुलीचं काय?"

"परीक्षेला बसेल. प्रकल्प पुन्हा करेल."

दुपारी त्यांनी लुसुंगूला डब्याच्या खोलीत बसवलं. डब्यावरचा त्यांचा संशय काही गेला नव्हता, त्याची वायर त्यांनी दोनदा ओढून पाहिली. मग लाल काट मारलेलं पान तिच्यापुढे ठेवलं.

"दुरुस्ती टाइप कर. डबा देणाऱ्या संस्थेकडे पाठवू, साठही शाळांत गेली पाहिजे."

लुसुंगूने टॅबवर बोटं ठेवली आणि मान वर केली. "सांगा मॅडम, उतरवून घेते."

मॅडमचं तोंड सवयीने उघडलं. मग त्यांनी वही मिटली.

"नाही. तुला काय कळलंय ते तुझ्या शब्दांत लिही. मी वाचते."