फ्रिजवरचं व्हाय-व्हाय

महाळुंग्याच्या एका कंपनीत मी क्वालिटीला आहे. लाइनवरून पार्ट आला की हातात घ्यायचा, उलटापालटा करायचा आणि त्यात काय चुकलंय ते हुडकायचं, हे माझं काम. सोळा वर्षं हेच करतेय. आता अशी सवय लागलीय की लग्नाला गेले तरी नवरीच्या आधी मला मांडवाचा वाकडा खांब दिसतो. त्यात स्वभाव तापट. मी आले की लाइनवरची पोरं शीळ घालायची थांबतात.

अशा बाईची पोरगी गेल्या वर्षी दहावीत गेली आणि माझ्याशी बोलेनाशी झाली.

भांडण नाही, रुसवा नाही, नुसतं "हं". जेवलीस का? हं. शाळा कशी झाली? हं. हीच पोरगी पूर्वी आंघोळ करताना दाराआडून ओरडून ओरडून वर्गातल्या गोष्टी सांगायची, मी म्हणायचे, बाई गं, आधी साबण धू! आता घरी आली की दप्तर टाकायचं, पलंगावर मांडी घालायची, कानात हेडफोन, हातात मोबाइल आणि त्या गेममध्ये धाडधाड गोळ्या. मार्क घसरले. आठवड्यातून दोनदा पोटात दुखतंय म्हणून शाळा बुडायला लागली. पोरगी हातची चालली, एवढंच माझ्या डोक्यात. आणि मला भीती वाटली की राग येतो, त्याला मी काय करू? एकदा मोबाइल कपाटात ठेवून कुलूप घातलं. दोन दिवस ती भिंतीकडं तोंड करून पडली, ते "हं"सुद्धा गेलं. तिसऱ्या दिवशी मी मुकाट्यानं मोबाइल काढून दिला.

मग मला भन्नाट कल्पना सुचली. म्हणजे तेव्हा भन्नाट वाटली.

आमच्याकडं पार्ट रिजेक्ट झाला की त्याचं व्हाय-व्हाय करतात. पाच वेळा "का?" विचारायचं. भोक तिरकं का पडलं? ड्रिल हललं. ड्रिल का हललं? नट ढिला होता. असं विचारत गेलं की पाचव्या "का"ला खरं कारण सापडतं. गुरुवारी आमच्या कंपनीला सुट्टी असते. त्या दिवशी मी फुलस्केप कागदावर पट्टीनं रकाने आखले. वर लिहिलं, "समस्या : मुलगी सतत गेम खेळते." खाली पाच "का", मग जबाबदार व्यक्ती, उपाय, सही, तारीख. आणि दिला फ्रिजवर चिकटवून! ह्यांना त्या दिवशीही ओव्हरटाइम होता. डबा घ्यायला स्वयंपाकघरात आले, कागद वाचला आणि म्हणाले, "अगं, पोरगी आहे ती, गिअरबॉक्स नाही."

"तुम्ही गप बसा," मी म्हटलं. "तुमचा नट आधीच ढिला आहे."

दुपारी पोरगी शाळेतून आली. पाणी प्यायला फ्रिजपाशी गेली आणि थबकली. मी भेंडी चिरत होते. मान न वळवता म्हटलं, "पेन वरच ठेवलंय. भर." वाटलं, आता फाडते की काय. पण नाही. पेनाचा आवाज येत राहिला, मग ती खोलीत निघून गेली. मी हात पुसून कागदापुढं उभी राहिले.

गेम का खेळते? तिथं माझी टीम आहे.
टीम का लागते? शाळेत कुणी नाही.
शाळेत कुणी का नाही? सांगता येत नाही.
घरी का सांगत नाही? घरी सांगितलं की मीटिंग बसते.
मीटिंग का बसते? मी हरले की मम्मी आधी चूक शोधते. टीम म्हणते, चल, परत खेळू.

जबाबदार व्यक्ती : मम्मी. खाली सही, तारीख. उपायाचा रकाना कोरा.

आधी माझी तळपायाची आग मस्तकात गेली. मी? जबाबदार मी? पहाटे पाचला उठून डबे करणारी मी? कागद ओढायला हात पुढं केला आणि पुन्हा वाचला, आणि काय सांगू, मला हसू फुटलं. इतकं नीट भरलेलं व्हाय-व्हाय सोळा वर्षांत आमच्या एकाही इंजिनिअरनं मला दिलेलं नाही! एक रकाना चुकला नव्हता. हसता हसता रडायला आलं, मग पुन्हा हसायला. भेंडीचे हात तसेच डोळ्यांना लागले, सगळा चिकटा झाला. तिनं लिहिलं होतं ते खरं होतं, आणि ते मला फार लागलं.

पेन घेतलं आणि उपायाच्या रकान्यात लिहिलं, "मम्मीला टीममध्ये घेणे." कागद काढून तिच्यापुढं धरला.

"काय?" ती म्हणाली. अहाहा! किती महिन्यांनी "हं" सोडून दुसरा शब्द!

तिनं माझ्या मोबाइलवर गेम टाकून दिला. टीममध्ये नाशिकची एक मुलगी होती, तिच्याच वयाची, मला लगेच काकू म्हणायला लागली. विमानातून छत्री घेऊन बेटावर उतरायचं, बंदुका गोळा करायच्या आणि शेवटपर्यंत जगायचं, एवढाच खेळ. मी पहिल्यांदा उडी मारली ती थेट समुद्रात. दुसऱ्यांदा एका छपरावर उतरले, तिथून खाली यायचा रस्ताच सापडेना. तिसऱ्यांदा शत्रू म्हणून नाशिकवालीवरच गोळ्या झाडल्या. "काकूऽऽ, मी तुमची आहे!" ती किंचाळली. आणि माझी पोरगी हसली हो! पलंगावर आडवी पडून, पोट धरून, डोळ्यांतून पाणी येईस्तोवर हसली. त्या हसण्यासाठी मी आणखी दहा वेळा समुद्रात पडले असते.

मग काय, मला वेडच लागलं. कंपनीच्या बसमध्ये मी नेम धरायचा सराव करायला लागले. शेजारची बाई विचारायची, "व्हय गं, कुणाला मारतीस?" अंगठे दुखायला लागले. पोळ्या लाटताना मला बंदुकांची नावं आठवायची. ह्यांनी हात टेकले. "एक होती, आता दोन झाल्या," म्हणाले.

पळणं मला जमेना, नेम तर त्याहून वाईट, म्हणून टीमनं मला गाडी चालवायला दिली. प्रत्यक्षात मी सायकलसुद्धा नीट चालवत नाही! पण तिथली जीप मी अशी पिटाळायचे की विचारू नका.

एका गुरुवारी दुपारी आम्ही दोघीच खेळत होतो. पलंगावर शेजारी शेजारी बसून, मोबाइलमधल्या जीपमध्येही शेजारी शेजारी. मोकळा रस्ता होता. एकदम ती म्हणाली, "मम्मी, वर्गात शिरताना मला श्वास घेता येत नाही."

माझा अंगठा हलला, जीप झाडाला घासली.

"थांबवू नको," ती म्हणाली. "चालव. मी सांगते."

मी चालवत राहिले. तिच्याकडं बघितलं नाही. छाती धडधडते, हात गार पडतात, मी मरणार असंच वाटतं, मग संडासात जाऊन तास संपेपर्यंत बसते, पोटात दुखतंय हे खोटं होतं, असं एकेक तिनं सांगितलं. जिभेवर शंभर प्रश्न आले. कधीपासून, कोण काय बोललं, मला आधी का नाही सांगितलंस! सगळे गिळले. वाटत होतं, गाडी थांबली की ही पण थांबेल. पुढचा पूल ओलांडला, टेकडी चढले, आणि जीपचं पेट्रोल संपलं. कपाळ माझं! गाडी रस्त्याच्या मधोमध उभी. मी नुसती बटणं दाबत बसले.

तिनं मोबाइल उलटा करून पलंगावर ठेवला. आपणहून. माझ्याकडं वळली आणि म्हणाली, "मला डॉक्टरकडं नेशील? त्या मनाच्या?"

मी उठले. पर्स खांद्याला, पायात चपला, दाराची कडी काढलीसुद्धा.

"मम्मी, आत्ता नाही गं! आधी वेळ घ्यावी लागते. आणि गाउनवर तर मुळीच नाही." ती रडत होती आणि हसत होती.

नंबर तिनं आधीच शोधून ठेवला होता. तिनंच फोन लावला, दुसऱ्या दिवशी संध्याकाळची वेळ मिळाली. मग आम्ही दोघींनी चहा केला, पलंगावर बसून प्यायलो, ती बोलत राहिली. चपला मी काढल्या नाहीत.