कानांनी पाहिलेली अमेरिका

इराकच्या युद्धाची ती वर्षे. आमच्या घरी अमेरिका सकाळच्या चहाबरोबर यायची, वर्तमानपत्राच्या पहिल्या पानावरून. सासरे चष्मा पुसून मथळा वाचत आणि म्हणत, "घ्या. जगाची पाटीलकी यांच्याकडेच. एकाहत्तरला आपल्यावर आरमार धाडलं, आता त्यांच्यावर विमानं." त्यांच्या लेखी अमेरिका म्हणजे एक मूठ होती, आवळलेली, गोरी, समुद्रापलीकडून उगारलेली. मलाही ते पटे. मग मी डबा घेऊन निघे, पुण्यात, आमच्या कोथरूडमध्येच एका शिकवणी वर्गाच्या वरच्या मजल्यावर कानांना हेडफोन लावून बसे, आणि त्या मुठीतली बोटे मला एकेक करून ऐकू येऊ लागत.

काम असे होते: तिकडचे डॉक्टर रोग्याला तपासून झाले की आपले टिपण बोलून ठेवत, आणि ते ध्वनिमुद्रण ऐकून आम्ही टाइप करत असू. त्यांची रात्र हा आमचा कामाचा दिवस. मी मराठी कवितेचा अभ्यास करून एम.ए. झालेली. वैद्यकातले लांबलचक शब्द मी अर्थाच्या आधी नादावरून ओळखायला शिकले. कोणता डॉक्टर वाक्याच्या मध्येच कॉफीचा घोट घेतो, कुणाच्या खिडकीबाहेर पाऊस आहे, कोण दमला आहे आणि कोण नुसताच कंटाळला आहे, हे मला कळू लागले होते.

आमच्या वाट्याला माजी सैनिकांचे एक रुग्णालय आले होते. जगाला धाक घालणारे ते सैन्य माझ्या कानांत खोकत असे. कुणाला फटाक्यांचा आवाज सोसत नसे, कुणाला झोप येत नसे, कुणाच्या खांद्यात लोखंडाचा तुकडा राहून गेलेला असे. टिपणाच्या पहिल्याच वाक्यात वय येई आणि त्याला लागून, रोगी काळा असेल तर, त्याचा वर्ण. वर्ण सांगितला नसेल तर मी रोगी गोरा धरून चाले. हे मला कुणी शिकवले नव्हते. शिकवायची गरजही नव्हती. माझ्या लग्नाच्या वेळी पत्रिकेसोबत जो कागद फिरला, त्यावर 'सावळी' असे लिहिलेलेच होते. गोऱ्या धाकट्या बहिणीच्या कागदावर वर्णाचा रकानाच नव्हता.

एका सकाळी अकराच्या सुमारास एक तातडीची फाइल आली. साठीच्या आसपासचा काळा माजी सैनिक, जुना मधुमेह. उजव्या पावलाला जखम, उजव्या पायाची बोटे काळी पडलेली, उजव्या घोट्यापर्यंत सड आणि दुर्गंधी. डॉक्टरचा आवाज जड होता, शब्दांना शब्द चिकटत होते. शेवटी त्याने सांगितले, "उद्या सकाळी पहिली शस्त्रक्रिया. डावा पाय गुडघ्याखालून काढणे."

मी थांबले. मागे जाऊन पुन्हा ऐकले. डावा. आवाज कमी करून, वाढवून, डोळे मिटून ऐकले. डावाच.

तिकडे तेव्हा मध्यरात्र उलटून गेली होती. तिकडची सकाळ म्हणजे आमची संध्याकाळ, साडेपाच-सहाची. मी त्या शब्दाच्या जागी रेघ सोडली, शेजारी खूण केली आणि आमच्या तपासणीस बाईंना हाक मारली. आमचे टाइप केलेले त्या ताडून पाहत. कॅम्पातल्या मुसलमान घरातल्या, पिढ्यान्‌पिढ्यांच्या पुणेकर. बोलणे मोजके, चूक काढण्यात हयगय नाही. त्यांनी माझे हेडफोन घेऊन दोनदा ऐकले.

"हा फौजी होता ना?" त्यांनी विचारले.

"हो."

"या फौजेने तिथं काय केलं ते रोज टीव्हीवर बघते, ताई. घरात सगळे शिव्या घालतात, मीसुद्धा." हेडफोन काढून त्यांनी टेबलावर ठेवले. "पण पाय म्हणजे पाय. चला."

आम्ही दोघी व्यवस्थापकांच्या काचेच्या खोलीत गेलो. ते वाईट गृहस्थ नव्हते. आमची माणसे फार शंका काढतात, अशी तक्रार त्या रुग्णालयाने मागच्याच महिन्यात केली होती आणि कंत्राट जाण्याची त्यांना धास्ती होती.

"मॅडम, नियम काय आपला? जसं ऐकाल तसं. डावा म्हणालेत ना? डावा लिहा."

"सर, वरती तीन वेळा उजवा म्हटलंय."

"मग डॉक्टरांना ठाऊक असेल काहीतरी. अहो, अमेरिकेतले डॉक्टर आहेत ते. डोळे मिटून कापतात काय?"

"कागद बघून कापतात," मी म्हणाले. "प्रशिक्षणात तुम्हीच सांगितलंत."

"खूण केलीत ना? मग झालं. सकाळी त्यांचं ऑफिस उघडलं की बघतील."

"तोवर पाय गेलेला असेल," तपासणीस बाई म्हणाल्या. "तिकडच्या समन्वयकाला फोन लावा."

"आत्ता? रात्री दीडला?" त्यांचा आवाज आपोआप खाली आला. "झोपलेल्या गोऱ्या माणसाला उठवायचं?"

खाली शिकवणी वर्गात पाढे चालू होते. मला एकाएकी स्वच्छ दिसले की आम्ही तिघेही एकाच गोष्टीला भीत होतो, आणि ती गोष्ट म्हणजे एका गोऱ्या माणसाची मोडलेली झोप. त्यांच्या विमानांना घरबसल्या चार शब्द सुनावणारे आम्ही.

"सर, मी ही फाइल पुढे सोडत नाही," मी म्हणाले. "माझ्या नावावर आहे, ती तशीच राहील. उशीर झाला की ते स्वतःच तुम्हाला फोन करतील. त्यापेक्षा तुम्ही केलेला बरा."

"मी हिच्या जागी बसून ती पूर्ण करणार नाही," तपासणीस बाई शांतपणे म्हणाल्या. "दुसऱ्या कुणी केली, तर मी तपासणार नाही."

व्यवस्थापकांनी घड्याळ पाहिले. मग फोन ओढला.

पलीकडचा माणूस चिडला होता. शब्द कळले नाहीत तरी चीड ऐकू येत होती. व्यवस्थापक दोनदा 'सॉरी' म्हणाले. तिसऱ्यांदा म्हणणार तोच तपासणीस बाईंनी हात पुढे केला, रिसीव्हर घेतला आणि टिपणातली पायाबद्दलची सगळी वाक्ये सरळ, सावकाश वाचून दाखवली. पलीकडून कागदांची सळसळ ऐकू आली. बघतो, एवढेच तो म्हणाला, असे रिसीव्हर ठेवताना बाईंनी सांगितले.

साडेसहापर्यंत आम्ही बसून राहिलो. उत्तर आले नाही.

घरी सासऱ्यांना सांगितले. ते ऐकत राहिले, मग म्हणाले, "काळा होता म्हणतेस? मग त्याला तिथं कोण विचारतंय! हेच तर सांगतो मी, असेच लोक आहेत ते."

"आणि आपण?" मी म्हटले. "गेल्या वर्षी समोरचा फ्लॅट बघायला तो आफ्रिकेतला विद्यार्थी आला होता. सोसायटीचे चिटणीस म्हणून तुम्ही जागा गेली असं सांगितलंत. जागा पुढे चार महिने रिकामी होती. मी मागे उभी होते, मीही बोलले नाही."

सासऱ्यांसमोर इतके सरळ मी त्याआधी कधी बोलले नव्हते. त्यांनी पेला खाली ठेवला. "कुठला पाय म्हणालीस?" त्यांनी विचारले.

"काढायचा तो उजवा."

"उद्या कळलं की सांग मला," एवढेच म्हणून ते उठले.

दुसऱ्या दिवशी शस्त्रक्रियेचे टिपण आले. तपासणीस बाईंनी ते मुद्दाम माझ्याकडे वळवले. तोच डॉक्टर, आवाज आता ताजा. उजवा पाय गुडघ्याखालून काढला. कालच्या चुकीचा उल्लेख नव्हता, फोनचाही नव्हता. मला तो नकोच होता. मी टाइप करत गेले: टाके, पट्टी, औषधे. एका माणसाचा पाय गेलाच होता, आणि तो जाणे अटळ होते. मग अखेरची ओळ आली. डावे पाऊल उबदार, नाडी चांगली लागते.

शब्द अगदी स्पष्ट होते. तरी मी मागे जाऊन ती ओळ पुन्हा ऐकली, आणि मग फाइल पुढे सोडली.