फ्रीजरमध्ये गेलेली भाताची मुळं

परवा मुंबईत एका अंधाऱ्या, गारठलेल्या खोलीत अनोळखी ऑपरेटर मॅडमच्या शेजारी बसून मी ढसाढसा रडले. त्या बिचाऱ्या घाबरल्या. त्यांना वाटलं, काहीतरी बिघडलं... बिघडलं नव्हतं, म्हणून तर रडत होते!

सुरुवातीपासून सांगते. मी रोह्याला कॉलेजात बॉटनी शिकवते, राहते जोह्याला. सासरी गणपतीच्या मूर्तींचा कारखाना. पीएचडीचा विषय मात्र भाताची मुळं. खाडीचं पाणी शेतात घुसलं की मुळाच्या पेशीच्या आत काय होतं, ते मला बघायचंय.

साध्या मायक्रोस्कोपखाली पेशीचं केंद्रक म्हणजे एक ठिपका. त्याचं आवरण, आतली रचना बघायची तर इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपच लागतो. त्याचा स्लॉट मिळता मिळता माझा जीव मेटाकुटीला आला होता. मुदतवाढ आधीच घेऊन झालेली... हा स्लॉट वाया गेला तर पीएचडीच बंद.

मागच्या अंगणात कुंड्यांमध्ये रोपं वाढवली. एका रांगेला विहिरीचं पाणी, दुसरीला खाडीचं. मी कॉलेजात असले की पाणी घालायचं काम आईंचं, म्हणजे सासूबाईंचं, आणि त्यांनी एकदाही रांग चुकवली नाही.

मुळांची टोकं कापून लगेच औषधात बुडवायची असतात, म्हणजे पेशी आहे तशी राहते. मग ती गार ठेवायची, पण गोठवायची नाही. गोठली की आत बर्फाचे कण होतात आणि पेशी फाटते.

तर सगळ्या रोपांची टोकं कापली, बाटल्या भरल्या, डबा फ्रीजच्या खालच्या कप्प्यात ठेवला आणि परीक्षेच्या ड्युटीला रोह्याला गेले. दुसऱ्या दिवशी सॅम्पल मुंबईला द्यायची होती.

संध्याकाळी येऊन फ्रीज उघडला, तर डबा गायब. सापडला वर... फ्रीजरमध्ये!

"लाईट गेली व्हती ना गो," आई म्हणाल्या. "म्हटलं, तुजं औशद खराब व्हईल. म्हून वर बरफात ठेवलं."

मी चिडले. चिडणारच! मग लक्षात आलं, लाईट नसेल तर फ्रीजर तरी कुठे गोठवणार? बर्फाचं पाणी झालं होतं, बाटल्यांतलं औषधही पातळच होतं. पण मधे लाईट येऊन ते गोठलं असेल आणि परत वितळलं असेल तर? बाहेरून बघून काहीच कळत नाही.

कारखान्यात रंगाच्या स्प्रेचा कॉम्प्रेसर बंद, कारागीर हातावर हात धरून बसलेले, गणपती तोंडावर आलेले आणि नवऱ्याचं डोकं तापलेलं. त्यात मी प्रत्येकाला विचारत फिरतेय, मधे लाईट आली होती का हो? कोणी म्हणे दोनदा आली, कोणी म्हणे आलीच नाही.

नवीन टोकं कापायला एकही रोप उरलं नव्हतं. होती ती सॅम्पल देऊन आले आणि तिकडून बोलावणं यायची वाट बघत बसले. घरात आईंनी फ्रीजला हात लावायचं सोडलं. दूधसुद्धा मला काढायला सांगायच्या. मला ते दिसत होतं, पण धीर देण्यासारखं माझ्याकडेच काही नव्हतं.

आणि परवा पडद्यावर पहिली इमेज आली, विहिरीच्या पाण्यातल्या मुळाची. गोल, भरलेलं केंद्रक. भोवती आवरणाच्या दोन रेघा, एकमेकींना धरून चाललेल्या, कुठेही न तुटलेल्या. बाजूला मायटोकॉन्ड्रिया, आतल्या घड्यांसकट... बर्फाने फाटलं असतं तर इथे नुसती भोकं भोकं दिसली असती.

खाऱ्या पाण्यातल्या मुळांत आवरण जागोजागी फुगलेलं होतं. ते मिठाचं काम, बर्फाचं नव्हे. अहो, तेच तर मला बघायचं होतं! तिथे माझा बांध फुटला.

डोळे पुसून बाहेर आले आणि घरी फोन लावला. "आई, सगळं नीट आलंय. काही खराब झालं नव्हतं." पलीकडे नाक ओढल्याचा आवाज.

"रोज गणपतीला सांगत व्हते गो, माज्या हातून पोरीचं शिक्षान वाया नको जाऊ दे."

कुठल्या गणपतीला, मी विचारलं. देवघरातल्या?

"समद्यांना. कारखान्यात हायेत तेवढ्यांना."

मी म्हटलं, अहो आई, त्यातल्या निम्म्यांचे अजून डोळेसुद्धा रंगवलेले नाहीत!

"ऐकायला कान लागतात. डोळे कशाला?"

कॉरिडॉरमध्ये उभी राहून मी एवढी हसले की वॉचमन बघायला लागला. इतके दिवस एकाच घरात, एकाच काळजीने आम्ही दोघी वेगवेगळ्या खोल्यांत जाग्या राहत होतो... आणि एकमेकींना सांगत नव्हतो.

काल दोघीही उन्हं वर येईपर्यंत झोपलो. चहा नवऱ्याने केला. आणि दूध फ्रीजमधून आईंनी स्वतः काढून दिलं.